गोबीचा पाला बकरीलाच का?

घुग्घुसचा आठवडी बाजार संध्याकाळी उठू लागला की गोबीवाल्यांच्या मागे पाल्याचा ढीग उरतो. हिवाळ्यात तर हा ढीग कमरेइतका होतो. गाई येतात, बकऱ्या येतात, आणि अंधार पडता पडता एखादी आजीही पिशवी घेऊन येते. आम्ही तिला विचारले, "आजी, एवढा पाला कशाला?" ती न पाहताच म्हणाली, "बकरीले नेतो जी." आमच्यातल्या एकीला ठाऊक होते की आजीच्या घरी बकरी नाही. ती पुढे काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. घरी येताना मात्र तोच विषय निघाला. जो पाला पोटाला चालतो, तो खातो म्हणायला लाज का वाटावी?

या महिन्याचे आरोग्य पान त्या पाल्यावर लिहायचे असे आम्ही तिथेच ठरवले.

आधी आमचीच फजिती सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही गोबीचा पाला आणला, मोठा मोठा चिरला, कुकरमध्ये टाकला आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडले तर घरभर वास. पाला काळपट पडलेला, चवीला कडू, आणि दांड्या तशाच चामट. सर्वांत लहान लेकराने ताट सरकवले. "आई, हे बकरीचं होय, मी नाई खात." त्याचे काही चुकले नव्हते. पाला वाईट नव्हता, आमचा हात चुकला होता. नंतर चार-पाच वेळा करून पाहिल्यावर जे हाती लागले, ते इथे मांडतो.

केल म्हणजे गोबीची बहीण

मोबाईलवर सध्या "केल" नावाच्या पाल्याचे फार कौतुक दिसते. कुरळ्या, गडद हिरव्या पानांची ही भाजी मोठ्या शहरांच्या मॉलमध्ये छोट्या जुडीला बराच भाव घेऊन बसते. आपल्यापैकी काहींच्या लेकी पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्या फोनवर विचारतात, "आई, केल खात जा म्हणतात डॉक्टर लोक, तिकडे भेटते का?"

घुग्घुसला केल भेटत नाही. पण तिच्या सख्ख्या बहिणी भेटतात. फुलगोबी, पानगोबी, नवलकोल आणि केल या वनस्पतीशास्त्रात एकाच जातीच्या भाज्या आहेत. युरोपच्या समुद्रकाठी वाढणाऱ्या एका रानटी झाडापासून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून त्या घडवल्या. कुणी फूल मोठे करत गेले, ती फुलगोबी झाली. कुणी पानांचा गड्डा बांधत गेले, ती पानगोबी झाली. कुणी खोडाची गाठ फुगवली, तो नवलकोल. आणि ज्यांनी नुसते पान वाढवले, त्यांची केल. इंग्रजांच्या काळात, १९व्या शतकात, फुलगोबी आपल्या देशात आली आणि रुजली. आपण तिचे फूल घेतले आणि पान फेकून दिले.

म्हणजे मॉलमध्ये केल म्हणून जे विकले जाते, त्याच घराण्याचा पाला आपल्या बाजारात जनावरांपुढे पडतो. चव अगदी सारखी नसेल, पण गुण बरेचसे सारखे आहेत. कॅल्शियम, लोह, फोलेट, अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व या गडद पानांत असते. आणखी एक गोष्ट या घराण्यात चांगली आहे. पालक आणि माठ यांत ऑक्झॅलेट भरपूर असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शरीराला लागू देत नाही. गोबी आणि केलच्या पानांत ते कमी असते. त्यामुळे त्यांतले कॅल्शियम अंगी चांगले लागते.

पाल्याला कमीपणा कुणी दिला?

हा पाला जगभर गरिबाने जगवला आणि पाल्याने गरीब जगवला. पूर्व आफ्रिकेत केनियामध्ये याच घराण्यातल्या पाल्याला "सुकुमा विकी" म्हणतात. त्याचा अर्थ "आठवडा ढकल". पगार संपला, मटण परवडत नाही, मग कांदा-टमाटर घालून हा पाला परतायचा आणि आठवडा ढकलायचा. अमेरिकेत गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या काळ्या माणसांनी "कॉलर्ड" नावाचा असाच जाड पाला तासन्‌तास शिजवून खाल्ला. पाल्याचे उरलेले पाणीसुद्धा त्यांनी फेकले नाही, मक्याच्या भाकरीसोबत खाल्ले. त्या पाण्याला त्यांच्यात वेगळे नाव आहे आणि आज तेच अन्न ते अभिमानाने पाहुण्यापुढे ठेवतात. १९७२मध्ये दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्याच माणसांचे हे ताट. काश्मीरमध्ये या घराण्यातला पाला "हाक" म्हणून मोहरीच्या तेलात, हिंग आणि वाळली मिरची घालून, भरपूर रस ठेवून शिजवतात आणि भातासोबत रोज खातात. तिथे गरीब-श्रीमंत दोघेही खातात, म्हणून कुणी लाजत नाही.

आपल्याकडे तरोटा, अंबाडी, घोळ, धोपा, शेवग्याचा पाला, लाखोळीचा पाला यांवर आपल्या आज्यांनी पावसाळे काढले. बाकी महाराष्ट्र ज्याला टाकळा म्हणतो, तो आपला तरोटा पहिल्या पावसानंतर बांधावर फुकट उगवतो. फुकट म्हणून तो "गरिबाची भाजी" ठरला. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नावर शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" हे पुस्तक लिहिले, ते २०१५मध्ये आले. आपले अन्न लिहून ठेवण्याजोगे आहे हे त्यांनी दाखवले. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या ताटावर असे कुणी लिहील तेव्हा लिहील, तोवर आपण ते ताट जिवंत ठेवू.

पाला कडू का होतो?

कारण समजले की उपाय सापडतो. गोबीच्या घराण्यातल्या पानांत गंधकयुक्त द्रव्ये असतात. किडीपासून वाचायला झाडाने ती बनवलेली असतात. पान चिरले, चावले की ती मोकळी होतात आणि कडसर, उग्र चव येते. बंद झाकणाखाली जास्त वेळ शिजवले की गंधकाचा वास आतच कोंडतो आणि वाढतो. आमच्या तीन शिट्ट्यांचे हेच झाले. म्हणून पहिली गोष्ट: हा पाला उघड्या कढईत, कमी वेळ शिजवायचा.

दुसरी गोष्ट चवीची. जीभ कडू ओळखते, पण सोबत दुसऱ्या चवी आल्या की कडू मागे पडते. मीठ कडूपणा दाबते. आंबट आणि थोडे गोड त्याला मऊ करते. तेल आणि शेंगदाणे, तीळ, जवस यांचा स्निग्धपणा जिभेवर पसरतो, त्यामुळे कडू टोचत नाही. लसणाची खमंग फोडणी नाकाला आधी खूश करते. आपली आजी अंबाडीत कण्या आणि डाळ घालायची, वरून लसणाचे तेल सोडायची, त्यात हे सगळे होते. फक्त तिने त्याला शास्त्र म्हटले नाही.

रक्तदाबाच्या माणसासाठी मीठ वाढवू नका. त्यांच्या ताटात लिंबू आणि लसण वाढवा, काम भागते.

आधी धूळ, मग चूल

घुग्घुसमध्ये भाजी निवडण्याआधी धुळीचा विचार करावा लागतो. कोळशाचे ट्रक, सायडिंग, सिमेंट, स्पंज आयर्न, सगळ्यांची धूळ पानावर बसते. छतावर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी कसा दिसतो हे आपण पाहतो. पाना-पानावर तेच बसते. कुरळ्या आणि खरखरीत पानात तर जास्तच अडकते.

धुण्याची पद्धत अशी. मोठ्या गंजात किंवा टपात भरपूर पाणी घ्या. पाने सुटी करून त्यात बुडवा, हाताने हलवा आणि पाच मिनिटे राहू द्या. धूळ तळाला बसते. आता पाणी ओतू नका, ओतले की तळाची धूळ पुन्हा पानांवरच येते. पाने वर उचलून दुसऱ्या पाण्यात टाका. असे तीन पाण्यांतून काढा. तिसऱ्या पाण्याचा तळ स्वच्छ दिसला पाहिजे. नाही दिसला तर चौथे पाणी. धुणे चिरण्याआधी करा, चिरल्यावर धुतले तर सत्त्व पाण्यात जाते. वापरलेले पाणी झाडांना घाला.

धुण्याने पानावरची धूळ जाते. मातीतून किंवा घाण पाण्यातून झाडाने आत ओढलेले मात्र धुण्याने जात नाही. म्हणून कोळशाच्या रस्त्याच्या कडेचा, नालीच्या काठचा, राखेच्या ढिगाजवळचा तरोटा किंवा घोळ तोडू नका, कितीही कोवळा दिसला तरी. शेताच्या बांधावरचा, वस्तीपासून दूरचा आणा.

गोबीवर किडीच्या औषधाची फवारणीही होते, आणि ती सर्वांत जास्त बाहेरच्या पानांवर पडते. म्हणून सगळ्यांत बाहेरची दोन-तीन मोठी पाने सोडून द्या. फुलाला लागून असलेली आतली, फिकट हिरवी, कोवळी पाने घ्या. चवीलाही तीच बरी. जमिनीवरच्या ढिगातून वेचण्यापेक्षा गोबी घेतानाच भाजीवाल्याला सांगा, "दादा, पाला तोडू नका, पाल्यासकट द्या." वजन फुलाचे करा म्हणावे. पाला तो तसाही फेकणारच असतो. तीन-चार घरांनी मागितला की पुढच्या बाजाराला तो स्वतःच विचारील.

निवडणे आणि चिरणे

जाड पाल्याची अर्धी चव चिरण्यात आहे. पान उलटे ठेवा, मधली जाड दांडी विळीने दोन्ही बाजूंनी सोडवा. दांडी फेकू नका, तिचे अगदी पातळ काप करा आणि वेगळे ठेवा, कारण तिला शिजायला जास्त वेळ लागतो. पाने एकावर एक ठेवून गुंडाळी करा आणि दोऱ्यासारखी बारीक चिरा. जाड, चामट पान जेवढे बारीक, तेवढे ते खाणाऱ्याला कमी जाणवते.

चिरलेल्या पाल्याला अर्धा चमचा मीठ लावून दोन मिनिटे हाताने चोळा, कारल्याला चोळतो तसे. पाला नरम पडतो आणि आकाराने अर्धा होतो. कडू पाणी सुटले तर हलके पिळून टाका. हे मीठ नंतरच्या मिठातून वजा करायला विसरू नका. आमच्या पहिल्या डाळभाजीत ते विसरले होते.

पाच जणांची डाळभाजी

लागणारे सामान: तुरीची डाळ १ वाटी, चण्याची डाळ २ चमचे, शेंगदाणे मूठभर, चिरलेला पाला ४ वाट्या (साधारण पाव किलो), दांडीचे काप, लसणाच्या १० पाकळ्या, वाळल्या मिरच्या ३, जिरे, हळद, चिंचेचा कोळ २ चमचे, गुळाचा बोराएवढा खडा, तेल ३ चमचे, मीठ, सांभार.

चण्याची डाळ आणि शेंगदाणे तासभर भिजवा आणि तुरीच्या डाळीसोबत हळद घालून कुकरमध्ये शिजवा. पाला कुकरमध्ये घालू नका. कढईत १ चमचा तेल तापवून आधी दांडीचे काप ३ ते ४ मिनिटे परता, मग पाला घाला आणि झाकण न ठेवता ५ ते ६ मिनिटे परता. वास उडून जातो, रंग हिरवा राहतो. आता शिजलेली डाळ घाला, डावाने थोडी घोटा आणि ५ मिनिटे उकळा. चिंच आणि गूळ शेवटी घाला. आंबट आधी घातले तर डाळ शिजत नाही आणि पाला काळपट पडतो. उरलेल्या २ चमचे तेलात जिरे, ठेचलेला लसण आणि मिरची खमंग लाल करा आणि ती फोडणी वरून ओता. सांभार पेरा. भातासोबत खा, ज्वारीच्या भाकरीसोबत खा.

चून पेरलेली कोरडी भाजी

डब्यात न्यायला ही चांगली. अर्धी वाटी चून कोरडेच मंद आचेवर खमंग भाजून बाजूला ठेवा. कढईत २ चमचे तेल, मोहरी, लसण, एक कांदा, हिरवी मिरची, हळद. कांदा गुलाबी झाला की दांडीचे काप, मग पाला. पाला खाली बसला की तिखट-मीठ घाला, भाजलेले चून वरून पेरा, पाण्याचा हबका मारा आणि आता झाकण ठेवून ५ मिनिटे वाफ द्या. उग्र वास आधीच निघून गेलेला असतो, म्हणून या वेळी झाकण चालते. उतरवल्यावर लिंबू पिळा. भाजलेल्या जवसाची एक चमचा भुकटी टाकली तर आणखी खमंग.

ज्यांच्या घरी वाळलेले झिंगे असतात, त्यांनी मूठभर झिंगे भाजून, धुऊन यात टाकावे. मासोळी-मटणासोबत खाल्ले की पाल्यातले लोह शरीराला जास्त लागते. म्हणजे ज्या दिवशी मटण, त्या दिवशी पाल्याला सुट्टी देऊ नका, त्याच दिवशी तो ताटात पाहिजे.

तरोटा आणि शेवगा

पावसाळ्यासाठी हे कात्रण जपून ठेवा. तरोटा फूल येण्याआधीचा, शेंड्याचा कोवळाच घ्यावा. कोवळा असेल तर सरळ परतून होतो. जून झाला असेल तर ५ ते ७ मिनिटे उकळून पिळून घ्यावा लागतो. त्यात थोडे सत्त्व जाते, पण कडूपणाही जातो. मग भिजवलेली चण्याची डाळ, भरपूर कांदा, लसण आणि वरून शेंगदाण्याचा कूट. धोपा म्हणजे अळूची पाने घसा खाजवतात, कारण त्यांत सुईसारखे बारीक खडे असतात. ती पूर्ण शिजवावी लागतात आणि चिंच किंवा अंबाडी सोबत पाहिजेच.

शेवगा तर घरामागे एक झाड पुरते. पाने उतरवा, धुवा आणि सावलीत वाळवा. आपल्या गावात छतावर उघडी टाकू नका, घरात सुती कापडावर पसरा. वाळल्यावर चुरा, भाजलेले जवस, तीळ, लाल मिरची आणि लसण यांसोबत कुटा. ही चटणी कोरड्या डब्यात महिनाभर टिकते. भाकरीवर एक चमचा चटणी आणि थोडे तेल, एवढी पुरे.

लेकरे खात नाहीत तेव्हा

लहान मुलांच्या जिभेला कडू जास्त लागते. तो त्यांचा हट्ट नसतो. नवी भाजी एकदा थुंकली म्हणून सोडून देऊ नका. आठ-दहा वेळा थोडी थोडी समोर आली की बहुतेक मुले ओळख धरतात. जबरदस्ती केली तर ती भाजी आयुष्यभराची शत्रू होते.

सुरुवात धिरड्याने करा. १ वाटी चून, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, वाटीभर बारीक चिरलेला पाला, ओवा, थोडे तिखट, मीठ. तव्यावर पातळ पसरून कडा कुरकुरीत होऊ द्या. सोबत टमाटरची आंबट-गोड चटणी. पाला चोरून खाऊ घालू नका, धिरडे ओतताना मुलालाच मूठभर पाला पेरायला सांगा. स्वतः पेरलेले तो खातो. आमच्या घरी ज्याने ताट सरकवले होते, तो आता "माझं हिरवं धिरडं" म्हणून मागतो. कोरडी भाजी मात्र अजून खात नाही. खाईल.

रक्ताचे गणित

आता मुख्य गोष्ट. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होते. म्हणजे दोन बाया शेजारी बसल्या तर एकीला दम लागतो, चक्कर येते, पाय ओढल्यासारखे वाटतात, आणि ती म्हणते "कामानं थकलो". ज्या गावात रात्रंदिवस लोखंड तयार होते, त्या गावातही बाईच्या रक्तात लोह कमी असू शकते.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था रोज साधारण १०० ग्रॅम पालेभाजी खायला सांगते. पाल्यातले लोह शरीर सहज उचलत नाही, त्याला मदत लागते. म्हणून या पाच सवयी लावा.

१. पाल्यासोबत लिंबू, कच्चा टमाटर, आवळा किंवा पेरू. क जीवनसत्त्वाने लोह लागू पडते. लिंबू ताटात पिळा, उकळत्या कढईत नको.

२. जेवणावर लगेच चहा नको. चहा लोहाला अडवतो. निदान एक तास थांबा.

३. लोखंडी कढई वापरा. आंबट भाजीत तिचे थोडे लोह उतरते. भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढा. कलई नसलेल्या पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये आंबट शिजवू नका.

४. एक-दोन चमचे तेल राहू द्या. कॅरोटीन तेलाशिवाय अंगी लागत नाही.

५. पाला उकळला असेल आणि पाणी कडू नसेल, तर ते वरणात घाला.

पाला हे अन्न आहे, औषध नाही. रक्ताची तपासणी करून बाईचे हिमोग्लोबिन १२च्या खाली, गरोदर बाईचे ११च्या खाली आले, तर आशाताई किंवा आरोग्य केंद्र देते ती लोहाची गोळी घ्यायचीच. "मी पाला खातो, मले गोळी नाही लागत" असे म्हणू नका.

आणि आपल्या भागासाठी फार महत्त्वाचे. पूर्व विदर्भात अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत सिकलसेल आहे. आपल्या बौद्ध घरांतही आहे. या आजारात तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात. रक्त कमी होते, पण लोह संपलेलेच असते असे नाही. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या अंगात तर लोह साठत जाते. म्हणून सिकलसेलच्या माणसाला कुणाच्या सांगण्यावरून लोहाची गोळी देऊ नका, डॉक्टरांनी तपासून सांगितले तरच द्या. रक्त चढवणे चालू असेल तर लोखंडी कढईबद्दलही त्यांना विचारा. नव्या पेशी बनवायला फोलिक अ‍ॅसिड मात्र जास्त लागते, ती गोळी डॉक्टर देतात, ती सोडू नका. पाल्यातले फोलेट त्याला जोड देते, गोळीची जागा घेत नाही. पाल्याने सिकलसेल बरा होतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. २०२३पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न जुळवताना पत्रिका पाहण्यापेक्षा हा कागद पाहा.

आणखी तीन सूचना. हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर हा पाला एकदम वाढवू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचे काम बदलते. आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही विचारून खावे. थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी कच्चा पाला टाळावा, शिजवलेला आणि आयोडीनचे मीठ घातलेला खावा.

शेवटी

३ जानेवारीला सावित्रीमाईची जयंती आहे. विहारात बाया जमतात, भाषणे होतात, चहा-बिस्किटे होतात. या वर्षी एक करून पाहा. विहाराच्या आवारात एक शेगडी मांडा. एका घराने पाला आणावा, एकाने चून, एकाने तेल. सर्वांसमोर धिरडी घाला. पहिले धिरडे वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला द्या आणि तिलाच विचारा, तुमच्या काळी तरोटा कसा करायचे जी? ती जे सांगील ते एखाद्या मुलीने वहीत उतरवून घ्यावे आणि आमच्याकडे पाठवावे. आम्ही या पानावर छापू.

बाजारातल्या त्या आजीला आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटलो. आम्ही आमच्या पिशवीतला पाला दाखवला आणि सांगितले की आम्ही खायला नेतो. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दांड्या बारीक कापजा बाई, नाही तं शिजत नाही."

आणि तिने तिच्या पिशवीतल्या कोवळ्या पानांतली मूठभर पाने आमच्या पिशवीत टाकली.

जयभीम.